खारी हवा, बेताचे बजेट आणि गेमिंगचा संगणक

पालघर तालुक्यातील मुरबे हे खाडीपलीकडच्या सातपाटीप्रमाणेच मच्छीमारांचे गाव. दरवर्षी १ जून ते ३१ जुलै या पावसाळी मासेमारी बंदीच्या काळात बोटी किनाऱ्यावर ओढल्या जातात आणि घरे भरतात. शाळा-महाविद्यालये सुरू होण्याचाही हाच काळ असल्याने घरात संगणकाचा विषय निघतो तो बहुधा याच सुमारास. अभ्यासासाठी हवा, असे आई-वडिलांना सांगितले जाते. त्यावर गेमही चालले पाहिजेत, ही अट मुलांच्या मनातली! हाताशी असलेली पन्नास-साठ हजारांची रक्कम मात्र एकदाच खर्च व्हायची असते. ती चुकीच्या भागांवर गेली, तर पुढचा संगणक यायला पाच-सात वर्षे लागतात.

ही चूक बहुतेक वेळा आकड्यांच्या मोहाने होते. 'आय-७, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड' असे लिहिलेला तयार संगणक आश्चर्य वाटावे इतक्या कमी किमतीत मिळतो. त्यातील आय-७ हा प्रोसेसर कोणत्या पिढीचा, हे विचारल्यावर खरी गोष्ट कळते. अनेकदा तो २०१२ च्या आसपासचा, म्हणजे तिसऱ्या पिढीचा असतो व त्याला जोडलेला एच६१ मदरबोर्डही त्याच काळातला. ४ जीबीचे कार्ड म्हणजे २०१४ साली आलेले जीटी ७३०. त्यातील डीडीआर३ मेमरी इतकी संथ असते की, ती ४ जीबी असली काय आणि २ जीबी असली काय, नवा गेम अडखळतच चालतो. विंडोज १० ला मिळणारे नियमित मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाले, तर विंडोज ११ या जुन्या प्रोसेसरना अधिकृतपणे स्वीकारत नाही. व्हॅलोरंटसारखा लोकप्रिय गेम विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट असल्याशिवाय सुरूच होत नाही.

तेव्हा सुरुवात करावी ती ग्राफिक्स कार्डापासून. १०८० पिक्सेलच्या साध्या मॉनिटरवर खेळायचे असेल, तर ८ जीबी मेमरीचे मध्यम कार्ड पुरते. २०२१ साली आलेले एएमडीचे आरएक्स ६६०० हे या गटातील मापदंड मानण्यास हरकत नाही. एनव्हीडियाच्या आरटीएक्स ३०५० बाबत सावध राहावे. याच नावाने ८ जीबी (२०२२) आणि ६ जीबी (२०२४) अशी दोन कार्डे निघाली असून, दुसऱ्यात केवळ मेमरीच नव्हे तर गणना करणारी एककेही कमी आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या इंटेलच्या आर्क बी५८० मध्ये १२ जीबी मेमरी आहे. परंतु मदरबोर्डवर 'रिसायझेबल बार' ही सोय नसेल, तर त्याचा वेग बराच घटतो. आरएक्स ६५०० एक्सटी जुन्या मदरबोर्डवर लावू नये. मदरबोर्डशी बोलायला त्याला चारच मार्गिका आहेत आणि जुन्या बोर्डवर त्या निम्म्या वेगाने चालतात.

प्रोसेसरवर जास्त खर्च करण्याचे कारण नाही. सहा कोरचा रायझन ५ ५६०० किंवा चार कोरचा आय३-१२१००एफ वर सांगितलेल्या आरएक्स ६६०० ला पुरून उरतो. इंटेलच्या नावातील 'एफ' अक्षराचा अर्थ लक्षात असू द्यावा. या प्रोसेसरमध्ये चित्र दाखविण्याची सोय नसते. ग्राफिक्स कार्ड दुरुस्तीला गेले की पडदाही बंद! पैसे एकदम जमत नसतील, तर रायझन ५ ५६००जी घेऊन कार्डाशिवाय सुरुवात करता येते. व्हॅलोरंट किंवा जुने गेम त्यावर चालतात आणि कार्ड पुढच्या हंगामात बसविता येते. मात्र अशा वेळी रॅमची एक पट्टी न घेता दोन घ्याव्यात, कारण यात चित्रासाठीही तीच मेमरी वापरली जाते. रॅमच्या किमती २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांकडून आलेल्या मागणीमुळे भडकल्या. जुने अंदाजपत्रक त्यामुळे उपयोगाचे नाही; खरेदीच्या दिवशीचा भाव विचारूनच बाकीची जुळवाजुळव करावी.

सर्वांत दुर्लक्षित डबा

मुरबे-बोईसर भागात खरा घोळ होतो तो एसएमपीएसमध्ये, म्हणजे घरातील वीज संगणकाला पेलेल अशा दाबाने पुरविणाऱ्या डब्यात. भारतातील पहिले अणुवीज केंद्र १९६९ पासून जवळच तारापूरला उभे आहे. म्हणून घरातील प्लगमध्ये दाब स्थिर मिळेलच असे नाही. पावसाळ्यात वीज जाणे-येणे आणि परतताना बसणारा झटका किनारपट्टीला नवा नाही. हा झटका प्रथम एसएमपीएस झेलतो. तो सुमार दर्जाचा असेल, तर स्वतः जाताना मदरबोर्ड आणि कार्ड घेऊनही जाऊ शकतो.

कॅबिनेटबरोबर 'फुकट' येणाऱ्या एसएमपीएसवर '४५० वॅट' असे ठळक छापलेले असते. त्यावर विसंबू नये. डब्याच्या बाजूच्या तक्त्यात १२ व्होल्टपुढे किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहावे व त्या आकड्याला १२ ने गुणावे. तिथे १६ अँपिअर असतील, तर प्रोसेसर व कार्डासाठी मिळणारी शक्ती १९२ वॅटच होते. रायझन ५ ५६०० चे ६५ वॅट आणि आरएक्स ६६०० चे १३२ वॅट एवढी बेरीज केली तरी ती १९७ वर जाते. पंखे व डिस्क वेगळ्याच. नामांकित कंपनीचा खरा ५०० ते ५५० वॅटचा डबा येथे योग्य. '८० प्लस' हे चिन्ह असावे, पण ते विजेची बचत सांगते, सुरक्षिततेची हमी देत नाही.

यूपीएसचेही असेच. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे. घरगुती यूपीएसमध्ये तो आकडा बहुधा ३६० च्या आसपास असतो. गेम जतन करून संगणक बंद करण्यापुरती काही मिनिटे मिळाली, तरी त्याचे काम झाले. अर्थिंग मात्र इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, तर अर्थिंग नसल्याची ती खूण असते. एसएमपीएसमधील फिल्टरची गळती जमिनीत न जाता पत्र्यावर साठते. तीन पिनांच्या प्लगची तिसरी पिन काढून काम भागविणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही.

मीठ आणि दमट हवा

यूपीएसला जे जमत नाही, ते हवेशी झुंजणे. समुद्रावरून येणारे मिठाचे सूक्ष्म कण सर्किटवर बसतात. हवेतील आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ ओलावा ओढून स्वतःच पाणी होते आणि तांब्याच्या रेघांवर खाऱ्या पाण्याचा थर तयार होतो. कोकणच्या पावसाळ्यात एवढी आर्द्रता रोजचीच. गंज आणि पाण्याने झालेले नुकसान बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीत बसत नाही, हे बिल हाती घेण्यापूर्वीच वाचून ठेवलेले बरे.

म्हणून समोर काच असलेल्या झगमगत्या कॅबिनेटऐवजी पुढे जाळी आणि काढून धुता येणारा धूळफिल्टर असलेले साधे कॅबिनेट घ्यावे. वाचलेले पैसे एसएमपीएसला द्यावेत. संगणक समुद्राकडील खिडकीखाली ठेवू नये. पावसाळ्यात तो रोज थोडा वेळ चालू ठेवल्यास आतील ऊब ओलावा धरू देत नाही. दिवसचे दिवस बंद ठेवून प्लास्टिक पांघरणे हा त्याला आजारी पाडण्याचा खात्रीचा मार्ग. रॅमच्या पट्टीचे सोनेरी टोक खोडरबराने घासण्याची पद्धत सर्रास आहे, पण त्याने सोन्याचा पातळ मुलामाही झिजतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा अधिक चांगला.

खरेदीसाठी मुंबईतील लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. भडकमकर मार्ग, हा जुना पर्याय आहे. तो ग्रँट रोड स्थानकालगत, म्हणजे बोईसरच्याच पश्चिम रेल्वे मार्गावर आहे. तिथल्या आणि बोईसरच्या दुकानातील भावात फरक पडेल. पण एखादा भाग बिघडला तर मुंबईची फेरी कोणी करायची, हाही हिशेब घालावा. एसएमपीएस आणि कार्ड आपण ठरविलेलेच बसवा, असे दुकानदाराला लेखी द्यावे, प्रत्येक भागाचा सीरियल क्रमांक बिलावर घ्यावा आणि वॉरंटी भारतातील अधिकृत वितरकाची आहे ना, ते पाहावे. जोडलेला संगणक दुकानातच तासभर गेम चालवून बघावा. कुरकुर करणारा पंखा किंवा मध्येच काळा होणारा पडदा तिथे दिसला, तर भाग लगेच बदलून मिळतो. घरी नेल्यावर त्याच कामाला आठवडे लागतात.