सहाशे वर्षांची दोस्ती



देशाला माणसाचा चेहरा देणे ही काही नवी युक्ती नव्हे. आपण भारतमाता म्हणतो. इंग्रजांनी ढेरपोट्या जॉन बुल उभा केला, फ्रेंचांनी मारियान. परंतु हिदेकाझ हिमारुया या जपानी चित्रकाराने 'हेतालिया' या चित्रकथेत ही कल्पना अगदी टोकाला नेली. २००८ साली ती पुस्तकरूपाने निघाली आणि २००९ साली तिचा चलत्चित्रपट आला. त्यात इटली, जर्मनी, इंग्लंड, जपान ही राष्ट्रे म्हणजे देखणी तरुण पोरे. ती भांडतात, रुसतात, पुन्हा गळ्यात गळा घालतात. 'हेता' म्हणजे जपानीत अनाडी. तेव्हा नावाचाच अर्थ अनाडी इटली. पण चित्रातले सोंग सर्वांनाच रुचते असे नाही. कोरियाचे पात्र पाहून दक्षिण कोरियात लोक खवळले आणि जपानी दूरचित्रवाणीवर ठरलेले प्रक्षेपण २००९ च्या जानेवारीत रद्द झाले.

कामगार वस्तीतली मुलेही असली चित्रे पाहतात, आणि आम्ही त्यांना नावे ठेवणार नाही. तहांच्या सनावळ्या ज्यांच्या डोक्यात कधी शिरल्या नाहीत, ती पोरे यामुळे नकाशा उघडून बसत असतील तर बरेच आहे. आमची शंका निराळी आहे. युनियनच्या कामात आयुष्य गेल्यामुळे आम्हांस एक खोड जडली आहे. 'कंपनीला असे वाटते' असे कोणी म्हणाले की आम्ही विचारतो, कंपनीतल्या कोणाला? भागीदाराला, म्यानेजरला, की खात्यात उभे राहणाऱ्याला? 'इंग्लंडची पोर्तुगालशी मैत्री आहे' असे वाचले तरी हाच प्रश्न तोंडी येतो.

ही मैत्री आम्ही मुद्दामच निवडली आहे, कारण इतकी जुनी दोस्ती दुसरी नाही. पहिला तह १३७३ चा, विंडसरचा तह १३८६ चा. दुसऱ्याच वर्षी लँकेस्टरच्या घराण्यातली फिलिपा पोर्तुगालच्या जुआंव राजाला दिली. पुढे १५८० ते १६४० पोर्तुगालच्या गादीवर स्पेनचा राजा होता, आणि १५८८ साली इंग्लंडवर चालून गेलेले आरमार लिस्बनच्याच बंदरातून निघाले. चित्रकार याला मित्रांमधला रुसवा म्हणेल.

रुसवा गेल्यावर पुन्हा लग्न. १६६१ च्या करारात राजकन्या कातरीना दुसऱ्या चार्ल्सला दिली गेली आणि आंदणात मुंबई. येथील पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी खळखळ केल्यामुळे बेट प्रत्यक्ष हाती यायला १६६५ उजाडले. राजालाही ते नकोसे झाले असावे, कारण १६६८ साली त्याने ते ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाकाठी १० पौंडांवर देऊन टाकले. ज्या शहरात पुढे लाखो गिरणी कामगार राबले, त्याचा हा पहिला भाव! कोळ्यांना आणि भंडाऱ्यांना कोणी विचारले नाही, हे सांगणे नलगे.

परंतु या दोस्तीचे खरे पोट आहे ते १७०३ सालच्या मेथुएनच्या तहात. त्याआधी पंचवीसेक वर्षे पोर्तुगालात एरिसेराच्या काउंटने परदेशी कापडावर बंदी घालून देशी विणकाम उभे करण्याचा उद्योग मांडला होता. कोव्हिल्यां गावी लोकरीचे कारखाने निघाले होते. मेथुएनच्या तहाने इंग्रजी लोकरी कापडाला दार उघडले. बदल्यात पोर्तुगीज दारूवर इंग्लंडात फ्रेंच दारूपेक्षा एक तृतीयांश कमी जकात. द्राक्षमळ्यांच्या धन्यांचे भले झाले, लंडनच्या व्यापाऱ्यांचे त्याहून भले झाले. जमाखर्चात तूट पडली की ती ब्राझीलच्या खाणीतल्या सोन्याने भरायची. आणि ते सोने काढीत होते आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम.

१८१७ साली रिकार्डोने याच कापडाचे आणि दारूचे उदाहरण घेऊन आपला प्रसिद्ध सिद्धान्त मांडला. कॉलेजात न गेलेल्या माणसानेही ते पान एकदा वाचावे. ठरावीक कापडाला इंग्लंडात १०० माणसांची वर्षभराची मेहनत, पोर्तुगालात ९०. दारूला इंग्लंडात १२०, पोर्तुगालात ८०. म्हणजे कापडही पोर्तुगीज माणूसच कमी श्रमात विणतो! तरी त्याने माग सोडून द्राक्षे लावावीत, त्यात दोन्ही देशांचा फायदा, असे गणित निघते. गणित म्हणून ते चोख आहे. त्या ९० विणकरांना मागावरून उठवून मळ्यात कोणी नेले आणि मधल्या दिवसांत त्यांच्या घरी चूल कशी पेटली, याला त्या गणितात रकाना नाही. देशाचे एकच तोंड काढले की एकाच तोंडाला घास मिळालेला दिसतो.

असे एकच तोंड काढणाऱ्यांत एक चित्रकार मात्र आम्हांस आपला वाटतो. राफाएल बोर्दालो पिन्येरो याने १८७५ साली 'झे पोविन्यु' नावाचे पात्र काढले. झे म्हणजे जुझे, आपल्याकडचा गणप्या म्हणा. पोविन्यु म्हणजे सामान्य रयत. दाढीचे खुंट वाढलेले, कपड्याला ठिगळे, आणि कधीकधी पाठीवर चक्क गाढवाचे खोगीर. हाही पोर्तुगालच, पण खालून पाहिलेला.

त्याला मित्राची ओळख पटली १८९० साली. अंगोला आणि मोझांबिक यांमधला मुलूख आपला, असे पोर्तुगाल म्हणत होता. (तिथल्या आफ्रिकी माणसांचे म्हणणे दोन्ही मित्रांनी विचारले नाही.) ११ जानेवारीला सॉल्सबरीच्या सरकारने निर्वाणीचा खलिता धाडला, सैन्य मागे घ्या; आणि लिस्बनने मान तुकवली. लोक इतके चिडले की त्या संतापातून निघालेले गीत १९११ साली त्यांचे राष्ट्रगीत झाले. पुढचे ऐका. १८९८ साली इंग्लंडने जर्मनीशी गुप्त करार केला, की पोर्तुगाल कर्जात बुडाला तर त्याच्या वसाहती कशा वाटून घ्यायच्या. १८९९ साली त्याच इंग्लंडने पोर्तुगालशी जुन्या तहांची पुन्हा ग्वाही दिली. हा प्रसंग कोणी चित्रात काढील तर आम्ही पैसे देऊन पाहू.

१९४३ च्या ऑक्टोबरात चर्चिलने पार्लमेंटात १३७३ च्या तहाचे नाव घेऊन जाहीर केले की अझोर बेटांवर तळ मिळाले आहेत. हिटलरशी लढताना ते तळ हवेच होते, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण देणारा होता सालाझार. त्याने १९३३ साली संपावर बंदी घालून स्वतंत्र युनियन मोडल्या होत्या. १९३४ च्या जानेवारीत मारिन्या ग्रांदीच्या काचकामगारांनी उठाव केला, तेव्हा त्यांच्यातल्या कित्येकांची रवानगी पुढे केप व्हर्दच्या ताराफाल छावणीत झाली. दोन देशांच्या हस्तांदोलनात हे हात कोठे होते?

१९६१ च्या डिसेंबरात भारतीय सैन्य गोव्यात शिरले आणि सालाझारने जुन्या मित्राकडे धाव घेतली. उत्तर आले की भारत राष्ट्रकुलात आहे, तेव्हा आमचे हात बांधलेले आहेत. १९ डिसेंबरला गोवा मोकळा झाला. लिस्बनने ते मानायला आणखी तेरा वर्षे घेतली. २५ एप्रिल १९७४ रोजी हुकूमशाही कोसळली, सहा दिवसांनी मे दिनाला झे पोविन्यु लाखांनी लिस्बनच्या रस्त्यांवर उतरला, आणि त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला दिल्लीत तह होऊन पोर्तुगालने गोव्यावरचे भारताचे सार्वभौमत्व मान्य केले.