धुराकडून वाफेकडे: सिगारेटच्या पर्यायांचा आणि श्वासाचा इतिहास

सिगारेट सोडून ई-सिगारेट, म्हणजे रोजच्या बोलण्यातली व्हेप, ओढू लागलेल्या अनेकांना पहिल्या काही आठवड्यांत कोरडा खोकला येतो, घसा खवखवतो, छाती आवळल्यासारखी वाटते आणि जिना चढताना धाप लागते. सिगारेट ओढत असताना हा त्रास कधी झाला नव्हता आणि ती सोडल्यावर सुरू झाला, याने माणूस गोंधळून जातो. या तक्रारीची मुळे ई-सिगारेटच्या जन्माआधीची आहेत. सिगारेट सुटत नाही म्हणून तिचे कमी घातक रूप शोधायचे, ते बाजारात आणायचे आणि फुप्फुसांचे काय होते ते मागाहून तपासायचे, हा क्रम 1950च्या दशकापासून चालत आला आहे.

1950 साली रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध आकडेवारीने दाखवला. त्याच वर्षी अमेरिकेत अर्न्स्ट विंडर आणि एव्हार्ट्स ग्रॅहम त्याच निष्कर्षाला पोहोचले. ओढणारे धास्तावले आणि कंपन्यांनी त्यांच्यापुढे फिल्टर ठेवला. लॉरिलार्ड कंपनीने 1952 मध्ये ‘केंट’ सिगारेट ‘मायक्रोनाइट’ फिल्टरसह आणली. तब्येतीची काळजी घेणाऱ्यांची सिगारेट अशीच तिची जाहिरात होती. त्या फिल्टरमध्ये निळे अ‍ॅस्बेस्टॉस होते आणि ते 1956 पर्यंत वापरले गेले. फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत निळे अ‍ॅस्बेस्टॉस अत्यंत घातक मानले जाते. मॅसॅच्युसेट्समधील ज्या कारखान्यात या फिल्टरचा माल तयार होई, तिथे 1953 मध्ये कामाला असलेल्या 33 पुरुषांचा पुढे माग काढण्यात आला. 1989 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार त्यांतले 28 जण दगावले होते. एरवी त्या गटात आठांच्या आसपास मृत्यू अपेक्षित होते.

पुढचा पर्याय ‘लाइट’ सिगारेटचा. तिच्या फिल्टरला बारीक छिद्रे पाडलेली असत. चाचणीच्या यंत्रात या छिद्रांतून हवा मिसळे आणि टारचा आकडा खाली येई. माणूस मात्र यंत्रासारखा ओढत नाही. त्याच्या शरीराला निकोटीनची ठरावीक मात्रा हवी असते. ती मिळेना म्हणून तो जोरात आणि खोल झुरके घेऊ लागला आणि बोटांनी किंवा ओठांनी ती छिद्रेही नकळत झाकली गेली. धूर फुप्फुसाच्या टोकापर्यंत पोहोचू लागला आणि त्या भागात होणाऱ्या कर्करोगाचे प्रमाण वाढत गेले. सौम्यतेचा दावा करणारे असे शब्द अमेरिकेत पाकिटांवरून हटायला 2010 साल उजाडले. झुरका खोल होतो, हा या प्रकरणातला धडा व्हेपच्या वेळी पुन्हा कामाला आला.

दरम्यान विचार वेगळ्या दिशेनेही चालला होता. माणूस ओढतो निकोटीनसाठी आणि मरतो टारमुळे, असे ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ मायकेल रसेल यांनी 1976 मध्ये मांडले. जळणे काढून टाकले आणि निकोटीन ठेवले तर व्यसनी माणूस वाचेल, या कल्पनेला त्यातून शास्त्रीय आधार मिळाला. अमेरिकेतील हर्बर्ट गिल्बर्ट यांनी 1963 मध्येच तंबाखूविना, धुराविना सिगारेटच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. 1965 मध्ये पेटंट मिळाले, पण कोणत्याही कंपनीने ते उपकरण बनवले नाही. 1980च्या दशकात संगणक-उद्योजक फिल रे आणि डॉक्टर नॉर्मन जेकबसन यांची ‘फेवर’ ही नळी आली. तिच्यात काहीच तापत नसे, निकोटीनमध्ये भिजवलेल्या तुकड्यावरून हवा ओढायची असे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ती परवानगीविना विकले जाणारे औषध ठरवून 1987 मध्ये थांबवली. 1988 मध्ये आर. जे. रेनॉल्ड्स कंपनीने तंबाखू न जाळता तापवणारी ‘प्रीमियर’ आणली. चव आणि वास लोकांना सहन न झाल्याने वर्षभरात ती मागे घ्यावी लागली.

जमले ते चीनमध्ये. शेनयांगचे औषधतज्ज्ञ होन लिक स्वतः भरपूर सिगारेट ओढत आणि त्यांचे वडील फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले. 2003 मध्ये त्यांनी निकोटीनच्या द्रावणाचे अल्ट्रासाउंडच्या कंपनांनी तुषार करणारे उपकरण तयार केले आणि 2004 मध्ये ते ‘रुयान’ या नावाने विकायला आले. 2006च्या सुमारास ई-सिगारेट युरोप-अमेरिकेत पोहोचली. कंपनांच्या जागी लवकरच तापणारी कॉइल आली आणि शेन्झेन शहर या धंद्याचे केंद्र बनले. एखाद्या औषधाला बाजारात येण्याआधी ज्या चाचण्यांतून जावे लागते, त्यांतली एकही या उपकरणाला द्यावी लागली नाही. श्वासाच्या तक्रारींची नोंद ग्राहकांच्या छातीतच व्हायची होती.

व्हेपमधून जे बाहेर पडते ते द्रवाच्या अतिसूक्ष्म थेंबांचे दाट धुके असते. द्रावणाचा बहुतेक भाग प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन यांचा; त्यात निकोटीन आणि स्वाद मिसळलेले असतात. हे दोन्ही पदार्थ पोटात गेले तर फारसे बिघडत नाही, आणि खाण्यातली हीच सुरक्षितता श्वासालाही लागू आहे असे वर्षानुवर्षे गृहीत धरले गेले. तेच चुकले. दोन्ही पदार्थ पाणी शोषून घेतात, म्हणून तोंड आणि घसा कोरडा पडतो आणि कफ घट्ट होतो. नाटक-सिनेमात धुके सोडण्यासाठी असेच ग्लायकॉल वापरतात आणि त्या धुक्यात काम करणाऱ्यांच्या खोकल्याची आणि छाती आवळल्याची नोंद व्हेप लोकप्रिय होण्याआधीच झाली होती. कॉइल जास्त तापली किंवा तिच्यातला कापूस सुकला, की याच द्रवातून फॉर्मल्डिहाइड आणि अ‍ॅक्रोलिन तयार होतात. श्वासनलिकेला दोन्ही झोंबतात. 2010 नंतर आलेल्या मोठ्या टाकीच्या, जादा बॅटरीच्या उपकरणांनी एका झुरक्यातले धुके कितीतरी वाढवले. शिवाय व्हेपचा झुरका सिगारेटच्या झुरक्यापेक्षा लांब असतो.

सिगारेट सुटल्याचे स्वतःचेही परिणाम असतात. श्वासनलिकेच्या आतल्या अस्तरावर केसांसारखे बारीक तंतू असतात. ते सतत हलून कफ आणि धूळ घशाकडे ढकलतात. धुराने ते लुळे पडतात. धूर थांबला की ते पुन्हा हलू लागतात, साठलेला कफ वर येतो आणि काही आठवडे खोकला वाढतो. याच काळात रक्तातला कार्बन मोनॉक्साइड दोनएक दिवसांत उतरतो आणि प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता सुधारते. सुधारणेचा खोकला आणि नव्या द्रवाने होणारी आग एकाच छातीत एकाच वेळी चालू असतात. म्हणून ‘सिगारेट बरी होती’ असा चुकीचा निष्कर्ष काढून माणसे मागे फिरतात. तिसरी शक्यता सर्वांत गंभीर आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. वीस-पंचवीस वर्षांच्या धूम्रपानाने झालेला सीओपीडी (फुप्फुसाचा जुनाट आजार) किंवा लपलेला दमा आधीपासूनच असतो आणि सिगारेट सोडल्यावर माणूस श्वासाकडे लक्ष देऊ लागतो तेव्हा तो जाणवतो.

स्वादांचे प्रकरण निराळे. 2000 साली अमेरिकेतील मिसूरी राज्यातल्या जॅस्पर गावी मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या कारखान्यातील आठ माजी कामगारांना बारीक श्वासनलिका कायमच्या आक्रसण्याचा दुर्मीळ विकार झाल्याचे उघड झाले. लोण्याचा स्वाद देणारे डायअ‍ॅसिटिल त्यांच्या श्वासात जात होते. हार्वर्डच्या संशोधकांनी 2015 मध्ये व्हेपचे 51 स्वाद तपासले तेव्हा 39 मध्ये डायअ‍ॅसिटिल सापडले. या बातमीने मोठी घबराट पसरली. सिगारेटच्या धुरात डायअ‍ॅसिटिल याहून बरेच जास्त असते ही गोष्ट त्या गदारोळात मागे पडली. तरीही खाण्याचा स्वाद फुप्फुसात सोडायला नको होता, आणि युरोपने पुढच्याच वर्षी ई-सिगारेटच्या द्रवांवर निर्बंध लागू केले ते योग्यच केले.

या काळात तज्ज्ञांमध्ये उभी फूट पडली. पब्लिक हेल्थ इंग्लंडने 2015 मध्ये व्हेप सिगारेटपेक्षा सुमारे 95 टक्के कमी हानिकारक असल्याचा अंदाज दिला. तो आकडा मोजमापातून न येता तज्ज्ञांच्या मतातून आला म्हणून ‘लॅन्सेट’ने त्यावर कठोर टीका केली. सिगारेट सोडवण्याबाबतचा ठोस पुरावा 2019 मध्ये पीटर हायेक यांच्या लंडनच्या गटाने दिला. 886 जणांच्या चाचणीत वर्षाअखेर ई-सिगारेटच्या गटातील 18 टक्के लोक सिगारेटमुक्त होते, तर निकोटीनचे पॅच, गम वगैरे घेणाऱ्यांत 9.9 टक्के. व्हेपवाल्यांत घशाची आणि तोंडाची जळजळ जास्त होती, पण खोकला आणि कफ दुसऱ्या गटापेक्षा अधिक कमी झाला. मात्र त्यांच्यातल्या यशस्वी लोकांपैकी 80 टक्के वर्षानंतरही व्हेप ओढतच होते. व्यसन सुटले नव्हते, त्याने साधन बदलले होते. अमेरिकेत त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत व्हेप ओढणाऱ्यांना फुप्फुसाचा जुनाट आजार जडण्याची शक्यता सुमारे 1.3 पट दिसली आणि सिगारेट व व्हेप दोन्ही ओढणाऱ्यांची अवस्था सर्वांत वाईट होती. सिगारेट पूर्ण सोडली तरच बदलाचा फायदा पदरात पडतो, एवढे दोन्ही बाजूंच्या पुराव्यांतून निघते.

सॅन फ्रान्सिस्कोच्या जेम्स मॉन्सीस आणि अ‍ॅडम बोवेन यांच्या ‘जूल’ या ई-सिगारेटने 2015 मध्ये चित्र बदलले. पेन ड्राइव्हसारख्या त्या उपकरणात निकोटीनला बेंझोइक आम्लाची जोड होती. त्यामुळे तीव्र निकोटीनही घशाला लागेनासे झाले; घशाला लागणे हीच शरीराची धोक्याची सूचना होती आणि ती बंद पडली. अमेरिकेतील माध्यमिक शाळांच्या वरच्या वर्गांत ई-सिगारेट ओढणाऱ्यांचे प्रमाण 2019 मध्ये 27.5 टक्क्यांवर गेले. यांतल्या पुष्कळ मुलांनी कधी सिगारेट ओढलीच नव्हती. सिगारेट सोडवण्याचे म्हणून आलेले साधन नव्या पिढीच्या निरोगी फुप्फुसांत शिरले, हे या इतिहासातले सर्वांत दुःखद पान आहे.

2019च्याच उन्हाळ्यात विस्कॉन्सिन आणि इलिनॉयमधील रुग्णालयांत तरुण माणसे धाप, ताप आणि उलट्या घेऊन दाखल होऊ लागली. कित्येकांना कृत्रिम श्वासावर ठेवावे लागले. या आजाराला ‘ईव्हाली’ नाव पडले. 18 फेब्रुवारी 2020 पर्यंत अमेरिकेत 2,807 रुग्णांची आणि 68 मृत्यूंची नोंद झाली. रोगनियंत्रण केंद्राने 51 रुग्णांच्या फुप्फुसांतून धुऊन काढलेला द्रव तपासला. 48 जणांत व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट सापडले, 99 निरोगी व्यक्तींपैकी कोणातही नाही. बहुतेक रुग्णांनी गांजातील नशेचा घटक असलेली काळ्या बाजारातील काडतुसे ओढली होती आणि विक्रेत्यांनी माल घट्ट दिसावा म्हणून त्यात हे तेल घातले होते. साध्या निकोटीन-व्हेपवर या साथीचा ठपका ठेवणे बरोबर ठरत नाही. मात्र त्वचेला लावायचा, पोटात घ्यायचा निरुपद्रवी पदार्थ श्वासातून जीव घेऊ शकतो हे तिने कायमचे सिद्ध केले.

साथ ऐन भरात असताना, 18 सप्टेंबर 2019 रोजी, भारत सरकारने अध्यादेश काढून ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात बंद केली. डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. साठवण वगळता पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ब्रिटनचा युक्तिवाद इथे जसाच्या तसा लागू पडत नव्हता. 2016-17च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात 3.8 टक्के प्रौढ धूम्रपान करत होते, तर 24.4 टक्के लोक तंबाखू, मिश्री, गुटखा अशा रूपांत धूरविरहित तंबाखू घेत होते. मळून खाल्लेल्या तंबाखूला व्हेप हा पर्यायच नाही. बंदीनंतर माल चोरट्या मार्गाने येत राहिला आणि त्या द्रवात काय आहे ते सांगणारे लेबलही विश्वासाचे उरले नाही. भारतात व्हेप ओढणाऱ्याचा धोका त्यामुळे युरोपातल्यापेक्षा अधिक आहे.

व्हेपकडे वळल्यावर धाप, घरघर किंवा खोकला टिकून राहिला तर तो ‘सवयीचा भाग’ समजून अंगावर काढू नये. दोन आठवड्यांहून जास्त खोकल्यासाठी भारतात क्षयरोगाची तपासणी करावीच लागते. सोबत फुप्फुसांची क्षमता मोजणारी स्पायरोमेट्री करून घ्यावी. ताप, छातीत दुखणे किंवा थुंकीतून रक्त असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे आणि काय, किती वर्षे ओढले ते डॉक्टरांना न लपवता सांगावे. सिगारेटकडे परत जाणे हा त्यावरचा उपाय नव्हे. निकोटीनचे गम आणि पॅच भारतात कायदेशीरपणे मिळतात आणि केंद्र सरकारची तंबाखूमुक्तीची मोफत दूरध्वनी सेवा 1800-112-356 या क्रमांकावर आहे.