धावपट्टी संपते, तिथून पुढे

सोलापूरकरांना १५ जून २०२३ चा दिवस आठवत असेल. श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची चिमणी त्या दिवशी पाडली. सुमारे ९० मीटर उंचीची चिमणी काही सेकंदांत आडवी! होटगी रोडच्या विमानतळावरून ये-जा करणाऱ्या विमानांना तिचा अडथळा होतो, हे त्यामागचं कारण. सभासद शेतकऱ्यांचा विरोध होता, कोर्टकचेऱ्याही झाल्या. तेव्हा अनेकांनी विचारलं, "चिमणी कारखान्याच्या जागेत, विमान धावपट्टीवर. मग अडचण कुठं आली?"

याचं उत्तर शोधायला आपण ३० वर्षं मागे जाऊ, औरंगाबादला. म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला.

२६ एप्रिल १९९३. ऐन उन्हाळ्यातली दुपार. इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ चिकलठाणा विमानतळावर मुंबईला निघायच्या तयारीत होतं. दिल्लीहून जयपूर, उदयपूर करत आलेलं हे विमान, फ्लाइट नंबर ४९१. आत ११२ प्रवासी आणि ६ कर्मचारी. विमान जवळजवळ पूर्ण भरलेलं.

आता टेकऑफचं साधं गणित बघा. विमान जितकं जड, तितका जास्त वेग लागतो, आणि वेग पकडायला जास्त धाव. ऊन असेल तर हवा विरळ होते, मग आणखी लांब धावावं लागतं. ठरलेला वेग आला की पायलट विमानाचं नाक उचलतो. इथं उशीर झाला, तर धावपट्टी मागे पडत जाते.

त्या दुपारी नेमकं तेच झालं. नाक उशिरा उचललं गेलं. आणि धावपट्टीच्या टोकाशी होता वाहता बीड रोड! त्यावरून कापसाच्या गाठी भरलेला एक ट्रक चालला होता. रस्त्यापासून जेमतेम ७ फुटांवर विमानाचं डावं चाक आणि इंजिनाचा खालचा भाग ट्रकला धडकला. विमान तसंच पुढे गेलं, सुमारे ३ किलोमीटरवर उच्चदाबाच्या विजेच्या तारांना अडकलं आणि कोसळलं. ५५ माणसं गेली. ६३ वाचली.

चौकशीत दोन दोष निघाले. पहिला पायलटांचा: नाक उशिरा उचललं, आणि उचलण्याची पद्धतही चुकली. दुसरा विमानतळ प्राधिकरणाचा: विमानांच्या वेळेत बीड रोडवरची वाहतूक आवरली नाही. रेल्वे येताना आपण फाटक लावतो ना? इथं विमान येत होतं आणि रस्ता चालूच होता.

हा दुसरा दोष मला जास्त अस्वस्थ करतो. पायलटची चूक काही सेकंदांची होती. रस्ता मात्र रोज तिथंच होता, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. चूक होऊ शकते हे धरूनच तर पुढची जागा मोकळी ठेवायची असते. ती मोकळी असती, तर कदाचित त्या दिवशी फक्त एक घाबरवणारा टेकऑफ झाला असता.

म्हणून सोलापूरच्या चिमणीचा प्रश्न फालतू नव्हता. पण शेतकऱ्यांचा रागही फालतू नव्हता, बरं का. त्यांच्या उसावर उभा राहिलेला प्रकल्प होता तो. विमानतळाच्या वाटेत काय बांधायचं नाही, हे बांधण्याआधी ठरलं आणि पाळलं, तर पाडायची वेळच येत नाही.

जून २०२५ मध्ये सोलापूरहून गोव्याला विमान सुरू झालं. तुम्ही कधी त्यात बसलात, तर टेकऑफच्या वेळी खिडकीतून खाली बघा. धावपट्टी संपल्यावर काय काय दिसतं, ते आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!