धुराचे तपासनीस आणि त्यांची स्वतःची धुराडी

इंग्लंडमधील धूरनियंत्रणाचा इतिहास बहुधा कापडगिरण्या, पोलादाचे कारखाने आणि घराघरांतील कोळशाच्या शेगड्या यांच्याभोवतीच सांगितला जातो. ज्या नगरपालिकांना या धुरावर देखरेख ठेवण्याचे अधिकार होते त्या स्वतःही कोळसा आणि कचरा जाळत होत्या, ही बाब मात्र त्यात मागे पडते. १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याने धुराच्या उपद्रवाविरुद्ध कारवाई करण्याचे काम स्थानिक संस्थांवर सोपवले, आणि त्याच वर्षी जोसेफ चेंबरलेन महापौर असलेल्या बर्मिंगहॅम नगरपालिकेने शहरातील खासगी गॅस कंपन्या विकत घेतल्या. दिव्यांसाठीचा हा गॅस बंद पात्रांत कोळसा तापवून मिळवला जाई, त्यामुळे कारखानदाराला नोटीस बजावणारी संस्था स्वतःच कोळशाची मोठी ग्राहक झाली.

याहून अवघड प्रश्न कचऱ्याच्या भट्ट्यांचा होता. १८७४ मध्ये नॉटिंगहॅम येथे आल्फ्रेड फ्रायर यांच्या रचनेची भट्टी उभी राहिली आणि पुढील काही दशकांत अनेक शहरांनी अशा भट्ट्या बांधल्या. ओला, राखमिश्रित केर त्यांत धुमसत राही, तापमान पुरेसे चढत नसे, आणि अर्धवट जळलेल्या कागदाचे कपटे व दुर्गंधीयुक्त वाफा धुराड्यातून आसपासच्या वस्तीवर पसरत. ईलिंगचे नगर अभियंता चार्ल्स जोन्स यांनी १८८५ मध्ये यावर एक उपाय काढला: भट्टी आणि धुराडे यांच्या दरम्यान कोकची, म्हणजे गॅस काढून घेतलेल्या कोळशाची, दुसरी आग ठेवून सारा धूर तिच्यावरून नेला, जेणेकरून त्यातील जळण्याजोगे वायू तेथेच जळून जावेत. उपाय चांगला होता, पण त्यासाठी कचऱ्यावर पुन्हा इंधन खर्चावे लागे, आणि करदात्यांच्या पैशाचा हिशेब देणाऱ्या नगरपालिकांना ते जड जाई. भट्टी नीट चालते की नाही याची कसोटी तेव्हा डोळे, नाक आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी एवढीच होती.

मोजमापाला शिस्त आली ती १९१२ मध्ये स्थापन झालेल्या वायुप्रदूषण तपास समितीमुळे. नेपियर शॉ यांच्या अध्यक्षतेखालील या समितीने सर्वत्र सारख्याच पद्धतीचे संचयमापक वापरात आणले. उघड्यावर एक रुंद नरसाळे आणि त्याखाली मोठी बाटली ठेवायची, महिनाभर तीत पाऊस, काजळी व राख साठू द्यायची, आणि मग पाण्यात विरघळणारे द्रव्य, डांबर व राख वेगवेगळी करून तोलायची, अशी ती रीत होती. अनेक नगरपालिकांनी हे काम निष्ठेने केले. तथापि बाटलीत पडलेली काजळी कोणाच्या धुराड्यातली, हे बाटली सांगू शकत नव्हती. नगरपालिकेचा वाटा शहराच्या एकूण आकड्यात विरून जाई.

१९५२ च्या लंडनमधील प्राणघातक धुरक्यानंतर आलेला १९५६ चा स्वच्छ हवा कायदा आणि स्थानिक हवेचा नियमित आढावा बंधनकारक करणारा १९९५ चा पर्यावरण कायदा, या दोहोंचा रोखही शहराच्या हवेवर होता. नगरपालिकेच्या स्वतःच्या कारभाराचा हिशेब प्रथम मागितला गेला तो २००८ मध्ये, इंग्लंडच्या स्थानिक संस्थांसाठी ठरवलेल्या १९८ राष्ट्रीय निर्देशकांतील १९४ व्या निर्देशकाने. नायट्रोजनची ऑक्साइडे आणि १० मायक्रोमीटरपर्यंतचे सूक्ष्म कण यांचे, परिषदेच्या इमारतींतून व वाहनांतून होणारे उत्सर्जन त्यात नोंदवायचे होते. येथे नरसाळे नव्हते; जळालेले इंधन आणि वाहनांची धाव यांना ठरीव गुणकांनी गुणून आकडा काढला जाई. कंत्राटदारांकडून करवून घेतलेली कामेही त्यात धरली जात, आणि हीच या निर्देशकाची सर्वांत मोलाची बाजू मानली पाहिजे, कारण कचरागाडी कंत्राटदाराच्या नावावर चढवली म्हणून तिचा धूर कमी होत नाही. मात्र १९८ पैकी जास्तीत जास्त ३५ निर्देशकांचीच उद्दिष्टे प्रत्येक भागाने केंद्र सरकारशी वाटाघाटी करून ठरवायची होती, त्यामुळे उरलेल्यांची नुसती नोंद होत असे. २०१० मध्ये सत्तेवर आलेल्या सरकारने नोंदींचा भार हलका करण्याच्या नावाखाली ही सारी चौकटच मोडीत काढली. हवेच्या आढाव्याचे १९९५ चे बंधन राहिले. स्वतःच्या धुराचा हिशेब देण्याची सक्ती मात्र तीन वर्षेही टिकली नाही.