वऱ्हाडातील धावण्याच्या रानवाटा

रानवाटांवर धावू इच्छिणाऱ्यांसाठी वऱ्हाडातील सर्वांत सोयीचे ठिकाण म्हणजे अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा. गाविलगड डोंगररांगेतील हे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंच आहे. परतवाड्याकडून येणारा घाटरस्ता दमछाक करणारा. पठारावरील वाटा त्या मानाने सौम्य. पावसाळ्यात दरीतून धुके चढते, तेव्हा कड्यालगत धावणे टाळावे.

भोवतालचा मेळघाट १९७३-७४ पासून व्याघ्रप्रकल्प आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये अभयारण्यात परवान्याविना प्रवेश करता येत नाही. शिवाय अचानक समोर आलेल्या माणसावर अस्वल चाल करून जाण्याचा धोका असतो, हे कायद्याहूनही मोठे कारण. अकोला जिल्ह्यातील नरनाळा किल्लाही अभयारण्यातच असल्याने शहानूर येथे आधी परवानगी घ्यावी.