कावेरीच्या मुखाशी आलेली वादळे : 1749 ते 2018

महाराष्ट्रात दसरा-दिवाळीच्या सुमारास नैर्ऋत्य मोसमी पाऊस परतीच्या वाटेला लागतो. तंजावूरमध्ये मात्र खरा पावसाळा त्याच वेळी सुरू होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत ईशान्येकडून येणारे वारे बंगालच्या उपसागरावरील बाष्प कावेरीच्या त्रिभुज प्रदेशावर आणतात आणि वर्षभराच्या पावसाचा सुमारे निम्मा वाटा एवढ्या काळातच पदरात पडतो. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांबरोबर दख्खनमधून आलेल्या मराठी कुटुंबांना या नव्या मुलखात ऋतूंचा क्रमही नव्याने शिकावा लागला असणार. ज्या मार्गशीर्षात देशावर आकाश निरभ्र असते, त्याच मार्गशीर्षात येथे समुद्र खवळतो.

हिवाळी वादळ म्हटले की युरोप-अमेरिकेतील हिमवादळांचे चित्र डोळ्यांसमोर येते. त्या वादळांना बळ मिळते ते थंड व उष्ण हवेच्या तापमानातील तफावतीतून. तंजावूरच्या किनाऱ्यावरील वादळाचे इंधन वेगळे आहे. नोव्हेंबरमध्येही बंगालच्या उपसागराचे पाणी पुरेसे उबदार असते. त्यातून उठलेली वाफ वर जाऊन पाण्याच्या थेंबांत बदलते तेव्हा सुप्त उष्णता मुक्त होते, हवेचा दाब घटतो आणि पृथ्वीच्या परिवलनामुळे भोवतालचे वारे चक्राकार फिरू लागतात. पश्चिमेकडे सरकणारे हे चक्र अनेकदा नागपट्टिनम ते पांबन या पट्ट्यावर येऊन आदळते.

बंगालच्या उपसागरात वादळांचे दोन हंगाम असतात : एक मोसमी पावसाआधीचा एप्रिल-मेचा, दुसरा ऑक्टोबर ते डिसेंबरचा. मराठेशाहीतील तंजावूरच्या राजकारणात ढवळाढवळ करणारे एक वादळ पहिल्या हंगामातले होते. 1749 साली पदच्युत सयाजीला पुन्हा गादीवर बसवण्याच्या निमित्ताने इंग्रजांनी प्रतापसिंहराजांविरुद्ध मोहीम काढली. त्यांचा डोळा कोळ्ळिडम नदीच्या मुखाशी असलेल्या देवीकोट्टईवर होता. जुन्या इंग्रजी दिनगणनेनुसार 13 एप्रिलच्या रात्री भीषण वादळ झाले. किनाऱ्यावरील छावणीतले तंबू फाटले, ओझ्याची जनावरे मेली, युद्धसाहित्य निकामी झाले. कडलूरजवळ ॲडमिरल बॉस्कावेन यांच्या ताफ्यातील ‘नामूर’ हे 74 तोफांचे जहाज फुटून पाचशेहून अधिक खलाशी बुडाले. पहिली स्वारी फसली. वादळाने राज्याला श्वास घेण्यापुरती उसंत दिली, पण तेवढीच. काही आठवड्यांनी दुसरी स्वारी झाली, देवीकोट्टई इंग्रजांच्या हाती गेले आणि सयाजीची बोळवण निवृत्तिवेतनावर झाली.

त्या काळी असे वादळ म्हणजे दैवी कोप एवढेच स्पष्टीकरण होते. वादळातील वारे केंद्राभोवती चक्राकार फिरतात हे जहाजांच्या नोंदी पडताळून सिद्ध व्हायला एकोणिसावे शतक उजाडले. कलकत्त्यात राहून बंगालच्या उपसागरातील वादळांच्या नोंदी जुळवणाऱ्या हेन्री पिडिंग्टन यांनी ‘सायक्लोन’ हा शब्द रूढ केला. भारतीय हवामान विभाग 1875 मध्ये स्थापन झाला. तरीही समुद्रावरील वादळाचा पत्ता लागण्यासाठी जहाजांच्या संदेशांवाचून गत्यंतर नव्हते. जहाज नसेल तर वादळही नकाशावर नसे.

या मर्यादेची किंमत विसाव्या शतकाच्या मध्यात मोजावी लागली. 30 नोव्हेंबर 1952 रोजी नागपट्टिनमजवळ आलेल्या वादळात सुमारे चारशे माणसे दगावली. नागपट्टिनम तेव्हा तंजावूर जिल्ह्याचाच भाग होते; स्वतंत्र जिल्हा झाला तो 1991 मध्ये. 1955 च्या नोव्हेंबर-अखेरीस पुन्हा वादळ आले. या वेळी राजामडम परिसरात समुद्राची लाट सुमारे पाच मीटरपर्यंत चढली आणि मृतांचा आकडा पाचशेच्या घरात गेला. डिसेंबर 1964 च्या वादळाने धनुष्कोडी गाव रेल्वेगाडीसह गिळले. 12 नोव्हेंबर 1977 रोजी नागपट्टिनमच्या दक्षिणेला आदळलेल्या वादळातही पाचशेहून अधिक बळी गेले.

एकाच किनाऱ्यावर पाणी इतके का चढते, याचे उत्तर नकाशात आहे. कोडिक्करईपाशी किनारा जवळजवळ काटकोनात वळतो. तेथून दक्षिणेला तोंड करून असलेला पट्टुक्कोट्टई, अदिरामपट्टिनमचा भाग पाल्कच्या उपसागरावर येतो. हा समुद्र अतिशय उथळ आहे. खोल समुद्रात वाऱ्याने ढकललेले पाणी तळाशी परत फिरू शकते. उथळ पाण्यात ती सोय नसते. वादळ पाल्कच्या सामुद्रधुनीवरून जाऊ लागले की आग्नेयेकडील वारे पाणी किनाऱ्याकडे रेटतात आणि ते सपाट त्रिभुज प्रदेशात खोलवर शिरते. याच किनाऱ्यावर सरफोजीराजे दुसरे यांनी नेपोलियनच्या पराभवाच्या स्मरणार्थ बांधलेली उंच वास्तू आजही उभी आहे. तमिळ लोकही तिला ‘मनोरा’ याच नावाने ओळखतात.

तंजावूरच्या 1952 च्या वादळानंतर दोनच महिन्यांनी, 31 जानेवारी 1953 च्या रात्री, उत्तर समुद्रातील हिवाळी वादळाने नेदरलँड्समध्ये 1,836 जणांचे प्राण घेतले. एक वादळ थंडीचे, दुसरे उष्ण समुद्राचे. पण सखल त्रिभुज प्रदेशावर चढलेले खारे पाणी दोन्हीकडे सारखेच होते. डच लोकांनी त्यानंतर बंधारे व दरवाजांची प्रचंड साखळी उभारली. कावेरीच्या मुखाशी भिंतीपेक्षा इशाऱ्यावर भर राहिला : उपग्रह, किनाऱ्यावरील रडार आणि निवारागृहे.

या इशाऱ्याचे मोल 16 नोव्हेंबर 2018 च्या पहाटे दिसले. ‘गज’ वादळ नागपट्टिनम व वेदारण्यमच्या दरम्यान जमिनीवर आले. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरहून अधिक होता. मात्र त्याचा मार्ग आधीपासून ठाऊक होता आणि ऐंशी हजारांहून अधिक लोक सुरक्षित जागी हलवले गेले होते. तमिळनाडूतील मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली. 1952 किंवा 1977 शी तुलना केली तर हे विज्ञानाचे व प्रशासनाचे मोठेच यश आहे.

परंतु त्या पहाटे पट्टुक्कोट्टई व पेरावूरणी भागात लाखो नारळाची झाडे आडवी झाली. माणसाला एका रात्रीत हलवता येते, झाडाला नाही. नवे रोप फळाला येण्यास पाच-सहा वर्षे लागतात. तोवर बागाईतदाराने कर्जाचे हप्ते कशातून फेडायचे? मुत्तुपेट्टईच्या खारफुटीचीही त्या वादळात मोठी हानी झाली.

हे पाणी शत्रूच आहे, असेही नाही. नोव्हेंबर 2008 मध्ये ‘निशा’ वादळाच्या वेळी तंजावूर जिल्ह्यातील ओरत्तनाडू येथे चोवीस तासांत 66 सेंटिमीटर पाऊस झाला आणि उभे भातपीक पाण्याखाली गेले. पण ज्या वर्षी अशा प्रणाली किनाऱ्याकडे फिरकत नाहीत, त्या वर्षी तळी कोरडी राहतात आणि त्याच भाताला पाणी कमी पडते. तंजावूरच्या शेतकऱ्याला वादळाचा पाऊस हवा असतो, वारा नको असतो. निसर्ग मात्र दोन्ही एकत्रच पाठवतो.

म्हणून या किनाऱ्यापुढचा पुढील प्रश्न केवळ अचूक अंदाजाचा नाही. पाण्याचा निचरा करणारे कालवे मोकळे ठेवणे, खारफुटी पुन्हा वाढवणे, एकाच पिकावर न विसंबता मिश्र लागवड करणे आणि झाडांना विम्याचे संरक्षण देणे, ही कामे वादळ नसलेल्या महिन्यांत करावी लागतात. जीव वाचवण्याची विद्या कावेरीच्या मुखाशी बव्हंशी साध्य झाली आहे. वाचलेल्या माणसाचे जगणे सावरण्याची विद्या अजून साधायची आहे.