खत नवं, सावकार तोच

मार्च आला की सोसायटीचं कर्ज नवं-जुनं करायची धांदल उडते. चार दिवसांच्या बोलीवर उसने पैसे आणायचे, जुनं भरायचं, नवं उचलायचं. ही रीत आपल्या मुलखात फार जुनी आहे आणि तिने एकेकाळी पुणे-नगरचे शेतकरी पार बुडवले, ते आज सांगते.

१८५९ साली इंग्रज सरकारने कायदा केला, की कर्जाचं खत तीनच वर्षं चालेल. व्याज साचत जाऊ नये हा हेतू. सावकाराने त्यातूनच वाट काढली. तीन वर्षं भरत आली की नवं खत लिहून घ्यायचं, आणि त्यात जुनी मुद्दल अधिक व्याज ही नवी मुद्दल. शेकडा दोनने शंभर रुपये घेतले असं धरा. तीन वर्षांनी खतावर १७२. सहा वर्षांनी २९६. नऊ वर्षांनी पाचशेच्या वर, आणि हातात नवा पैसा एकही आलेला नाही! आपल्याकडे दामदुपटीची चाल होती, व्याज मुद्दलीपेक्षा जास्त घ्यायचं नाही. ती कागदावर अशी मोडली. पुढे सरकारी चौकशीत शंभराच्या कर्जावर दोन हजारांहून जास्त व्याज लावलेलं सापडलं.

मग शेतकरी दुसऱ्या, स्वस्त सावकाराकडे का गेला नाही? जाणार कसा? खत सावकाराच्या पेटीत. भरलेल्या पैशाची पावती नाही. वाचता येत नाही, सहीच्या जागी नांगराची निशाणी. किती फिटलं हेच सांगता येत नसेल तर दुसरा कोण दारात उभं करील? अमेरिकेत १८६१ ते १८६५ युद्ध चाललं, तेव्हा आपल्या कापसाला भाव होता आणि सावकार बोलावून पैसे देत होते. युद्ध संपलं, भाव पडला आणि हात आखडले. वर सरकारने शेतसारा वाढवला.

डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातल्या करड्यात एका सावकाराने दीडशे रुपयांसाठी हुकूमनामा मिळवून देशमुखांचं घर पाडलं. गावाने सावकारावर बहिष्कार घातला. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात लोकांनी वह्या आणि खतं मागून घेतली आणि जाळली. हे लोण तीसहून अधिक गावांत गेलं. काही ठिकाणी धान्य लुटलं, घरंही पेटवली. ते बरं झालं असं मी म्हणणार नाही. पण त्यांचा राग कागदावर होता, हे मात्र खरं.

१८७९ साली शेतकऱ्यांसाठी कायदा आला. खतावरचा आकडाच खरा न मानता पहिल्या व्यवहारापासून हिशेब बघायची मुभा कोर्टाला मिळाली. पावती, दरसालचा हिशेब आणि पासबुक मागायचा हक्कही मिळाला. सावकारही हुशार, ते गहाणाऐवजी थेट खरेदीखत लिहून घेऊ लागले. दुसरं दार उघडलं ते १९०४ च्या सहकारी पतसंस्थांच्या कायद्याने. आणि गटाला बँकेचं कर्ज? १९९२ साली नाबार्डने अवघे ५०० गट धरून ते सुरू केलं.

आता आपल्या दारात येणाऱ्या फायनान्सचं बघू. १ एप्रिल २०२२ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम असा, की वार्षिक उत्पन्न तीन लाखांपर्यंत असलेल्या घराला विनातारण दिलेलं कर्ज मुदतीआधी फेडलं तर दंड लावता येत नाही. म्हणजे कर्ज स्वस्त जागी हलवता येतं. गटाचा दर कमी असेल तर गटातून घ्या, पण त्याच पैशाने फायनान्सचं खातं बंद करा. एकीचा हप्ता भरायला दुसरीचं कर्ज उचललं, की ते खत बदलण्यातलंच झालं.

हप्ता किती हे विचारून भागत नाही. वर्षाचा दर किती, फी किती, विम्याचे किती कापले, हे छापील पत्रकात असावंच लागतं. कर्जकार्ड आपल्याला कळणाऱ्या भाषेत लागतं. शेवटचा हप्ता भरलात, की पूर्ण फेड झाल्याची नोंद त्यावर करून घ्या आणि मगच कार्यालयातून उठा.